सूचना: मिलवाल्या काकांची स्मरणसभा

सर्व सभासदांना नमस्कार. मिलवाल्या काकांना जाऊन येत्या रविवारी वर्ष होतंय. त्यानिमित्त संध्याकाळी 5 वाजता मंडळाच्या सभागृहात जमायचं आहे.

काका कोवळ्या वयात रत्नागिरीकडून इंदूरला आले, हुकुमचंद मिलमध्ये लागले आणि इथलेच झाले. 1991 साली मिल बंद पडली तेव्हा पदरी तीन मुलं, गावी म्हातारी आई. लगेच सायकलला दोन पिशव्या अडकवून रामबाग, नारायण बाग भागात भाजणी-मेतकूट घरोघर द्यायला लागले. गावची मनीऑर्डर कधी चुकली नाही. भोंगा थांबला तरी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांकीसाठी, म्हणजे रोषणाईच्या देखाव्यासाठी, रात्र-रात्र वायरी जोडत बसायचे. त्यात कुणाचं म्हणून ऐकायचे नाहीत, हेही सांगायला हवं! कामगारांची थकबाकी डिसेंबर 2023 मध्ये मिळाली, ती त्यांच्या हयातीत मिळाली याचं बरं वाटतं.

भाषणं नकोत, असं काकूंनी बजावलंय. आठवणी सांगा, थोडक्यात. हार-फुलं आणू नयेत. झांकीचे जुने फोटो असतील तर शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका. नंतर चहा-पोहे आहेत, तेव्हा घरटी किती जण येणार ते कळवा.

— सचिव