खोक्यासोबतचं पत्र

मुंबई,
२८ ऑगस्ट २०२१

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

पत्र खोक्यात सगळ्यात वर ठेवलंय. आधी ते वाचा, मग खालचं सामान काढा. आई, खोका दोन दिवस पडवीत वाळत ठेवू नकोस आणि डेटॉलने पुसूही नकोस. वस्तूला हात लावून कोविड क्वचितच होतो. बाधित माणसासोबत बंद खोलीतली हवा घेतली की होतो. गेलं वर्षभर तू कोथिंबीर आणि भोपळे साबणाच्या पाण्यात बुडवते आहेस, ते आजपासून बंद. साबण पोटात जातो. भाजी साध्या पाण्याने धू आणि हात तेवढे साबणाने धुवा.

आता जे परवा फोनवर बोलता आलं नाही ते. बाबांनी विचारलं तेव्हा मी ‘अजून नक्की नाही’ म्हटलं. जहाजावरच्या नोकरीच्या करारावर सही त्याच्या आदल्या दिवशीच झाली होती. तेव्हापासून ते मनात सलतंय, म्हणून लिहून सांगते. ५ सप्टेंबरला विमान आहे. म्हणजे यंदा गणपतीवरची माटवी बांधायला मी नसणार आणि तुझ्या मोदकांच्या उकडीत हात घालायलाही नसणार.

चिडू नका. दीड वर्ष वाट पाहून घेतलेला निर्णय आहे. तौक्ते वादळानंतरची कौलं अजून पुरती बसलेली नाहीत, कातळावरच्या कलमांचं काय ते बाबांना माहीत आहे, आणि सोसायटीचा हप्ता काही थांबत नाही. पण नुसता पैशांचा विषय असता तर मी इथल्या रुग्णालयातच राहिले असते. जहाजाच्या दवाखान्यात पूर्वी उलट्या-जुलाब आणि मुरगळलेले पाय बघायचो. आता तिथे संसर्ग ओळखणारी, मास्क नीट बसवता येणारी माणसं हवी आहेत, आणि ते काम मला येतं.

बाबा, तुम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं ‘डायमंड प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजाचं कात्रण मला ठाऊक आहे. ३,७११ माणसं, त्यांतली ७१२ बाधित, आणि जहाजावर आपले १३८ भारतीय, त्यांपैकी १३२ कर्मचारी. पण तिथे नेमकं काय चुकलं ते बघा. ३ फेब्रुवारी २०२० ला जहाज योकोहामाला आलं आणि ५ तारखेपासून प्रवाशांना खोलीत बंद केलं. तोवर एकत्र जेवणं, खेळ, गाणी सगळं चालू होतं. बंद केलं तेही प्रवाशांनाच. कर्मचारी तीच ताटं घेऊन दारोदार फिरत होते, एका केबिनमध्ये दोघं-तिघं झोपत होते आणि एकाच मेसमध्ये जेवत होते. चाचण्या पुरत नव्हत्या, लस तर नव्हतीच.

आता यातलं एकेक बदललंय. अमेरिकेच्या सीडीसीने (आपल्या खलाशांचं सीडीसी पुस्तक नव्हे, बाबा, ही तिथली रोगनियंत्रण संस्था) मार्च २०२० मध्ये जहाजं थांबवली आणि ३० ऑक्टोबरला अटींवर परवानगीचा आदेश काढला. ९८ टक्के कर्मचारी आणि ९५ टक्के प्रवासी पूर्ण लस घेतलेले असतील तर जहाजाला प्रवासी घेता येतात. नाहीतर आधी स्वयंसेवकांना घेऊन सरावाची सफर करून दाखवायची. अमेरिकी बंदरातून या नियमांखाली पहिलं मोठं जहाज २६ जूनला फोर्ट लॉडरडेलहून सुटलं. आमच्याकडे बुफेत स्वतः वाढून घेणं बंद, कर्मचारी वाढतात. टेबलं लांब लांब. लिफ्टमध्ये मोजकी माणसं. आपत्कालीन कवायतीला पूर्वी शेकडो माणसं लाइफ जॅकेट घालून खांद्याला खांदा लावून उभी राहायची. आता सूचना फोनवर बघून जो तो आपल्या जागेवर फक्त हजेरी लावून येतो. बाधित निघालेल्यांसाठी केबिन आधीपासून रिकाम्या राखलेल्या आहेत.

माझं म्हणाल तर केबिन एकटीची आहे. कर्मचाऱ्यांची ठरलेल्या दिवशी चाचणी होते. दवाखान्यात एन-९५ आणि चेहऱ्यावर ढाल. जेवणात डाळ-भात असतो. आई, कोकमं, पापडाची पिठी आणि तुझा मेतकुटाचा डबा बॅगेत आहे, वजनात बसला. सध्या हॉटेलच्या खोलीत सात दिवस कोंडून घेतलंय, जेवण दाराबाहेर ठेवून बेल वाजवतात. झोप भरपूर होतेय. लहानपणी गोवराच्या वेळी माजघरात पडून तुझ्या बांगड्यांचा आवाज ऐकत राहायचे, तसं या दोन दिवसांत झालंय. फक्त बांगड्या नाहीत.

आता दादाच्या तिकिटांचं. सप्टेंबरपासून मुंबईहून क्रूझ सुरू होतेय आणि तो तुम्हाला गोव्याच्या फेरीवर पाठवायला निघालाय. बाबा, लहानपणी विजयदुर्गाहून बोटीने मुंबईला जायचात, त्या बोटीसाठी तुमचा जीव किती तुटतो ते मला माहीत आहे. तरी यंदा नको. स्वतः जहाजावर जाते आणि आम्हाला अडवते, असं वाटेल. पण मी तिथे ड्यूटीवर मास्क काढणार नाही आणि माझी चाचणी होत राहील. प्रवासी मात्र जेवायला, प्यायला, गप्पा मारायला मास्क काढतात, आणि वातानुकूलित हॉलमध्ये दोन तास बसतात. तुमचं वय ७४, आईची साखर. दोन डोस झाले म्हणजे दवाखान्याची पाळी येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते, लागण अजिबात होणार नाही असं नाही. आणि जहाजाच्या दवाखान्याची मर्यादा मी आतून पाहिली आहे. एक्स-रे असतो, व्हेंटिलेटर असतो, पण सीटी स्कॅन नाही, रक्तपेढी नाही, आणि ऑक्सिजन जेवढा बंदरातून भरला तेवढाच. रात्री दोन वाजता समुद्रात श्वास लागला तर किनारा काही तास लांब असतो. घरून निदान १०८ ला फोन करता येतो आणि देवगडचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. पुढच्या वर्षी परिस्थिती निवळली तर मी स्वतः तुमच्यासोबत येईन. बाल्कनीची केबिन घेऊ, जेवायला गर्दीच्या आधी जाऊ आणि दिवसभर उघड्या डेकवर बसू. दादाला मी फोन केलाय. तो रागावलेला नाही.

आता खोका. तीस एन-९५ आहेत, प्रत्येकी पंधरा. एक मास्क पाच वेळा वापरायचा. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पंचाहत्तर वापर, आणि आठवड्यातून तीनदा बाहेर गेलात तर पंचवीस आठवडे पुरतात. ते संपत येतील तोवर मी फेब्रुवारीअखेर येतेच, शिमग्याची पालखी निघायच्या आत. खाकी पाकिटांवर १ ते ५ आकडे टाकलेत. आज एक नंबर, पुढच्या वेळी दोन, पाचव्यानंतर पुन्हा एक. प्रत्येक वापरानंतर पाकिटावर एक रेघ मारायची. पाकीट कागदाचंच हवं. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट मास्क कुजतो. आणि आई, तुला सगळं चुलीवरच्या दांडीवर वाळत घालायची सवय आहे, तिथे हे नको. धुराने जाळी भरते आणि इलॅस्टिक सैल पडतं. माजघरातल्या खुंटीवर टांग.

एन-९५ धुवायचा नाही, सॅनिटायझर मारायचा नाही. त्याच्या मधल्या थरावर विजेचा सूक्ष्म भार असतो आणि बारीक कण त्याला चिकटतात. साबण किंवा स्पिरिट लागलं की तो भार जातो. मास्क दिसायला तसाच दिसतो, पण कण अडवत नाही. पावसात भिजला, घामाने चिंब झाला, पट्टा सैल झाला किंवा श्वास जड वाटू लागला तर रेघा न मोजता फेकून द्या. झडप असलेला मास्क बाजारातून आणू नका. त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, समोरच्याला काही उपयोग नाही.

घालायची पद्धत: वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंच, खालचा कानाखालून मानेवर, दोन्ही एकमेकांवरून न्यायचे नाहीत. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दोन्ही बाजूंनी दाबायची. एका हाताने चिमटीत धरली तर मध्ये कोन पडतो आणि तिथून हवा जाते. मग दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर पट्टी पुन्हा बसवा, गालाकडे लागला तर पट्टे ओढा. आई, चष्म्यावर वाफ धरते म्हणजे वरून गळती आहे. खोक्यातली कागदी चिकटपट्टी नाकावर आडवी लाव.

बाबा, डोक्याचे पट्टे असलेले मास्क मुद्दाम तुमच्यासाठी शोधले. कानात अडकवायचे घातले की काढताना श्रवणयंत्र त्यांच्याबरोबर उडतं, आणि ते उडू नये म्हणून तुम्ही मास्क हनुवटीवर ठेवून बोलता. दुसरी गोष्ट जरा नाजूक. श्रावणाची दाढी. दाढीवर एन-९५ बसत नाही, केसांतून हवा आत-बाहेर करते. व्रत मोडा असं मी म्हणणार नाही. अमावास्येपर्यंत निळा तीनपदरी मास्क आणि वरून आईने शिवलेला सुती, असे दोन घाला, आणि शक्यतो बाहेर जाऊच नका. अमावास्या झाली की दाढी काढायची आणि गणपती आणायला जाताना एन-९५. तीनपदरी मास्क एका दिवसाचा. गालाशी फट राहिली तर कानाचा दोरा मास्कजवळ गाठ मारून आखूड करा आणि कडेची घडी आत दुमडा. सुती मास्क रोज साबणाने धुवायचा. या पावसात एका दिवसात सुकत नाही, म्हणून प्रत्येकी चार ठेवा.

गणपतीत मुंबईकर मंडळी येणार. येऊ देत, दार बंद करायला मी सांगणार नाही. पण पाटावर पंगत माजघरात मांडू नका, पडवीत आणि खळ्यात मांडा. एकावेळी एकाच घरची माणसं जेवायला बसवा, आणि वाढणाऱ्याच्या तोंडावर मास्क हवा. खिडक्या दोन्ही बाजूंच्या उघड्या, पाऊस आत आला तरी चालेल, पुसता येतो. आणि भजन. अमेरिकेत स्कॅजिटला मार्च २०२० मध्ये एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ माणसं होती, त्यांतल्या ५३ जणांना आजार झाला. मोठ्याने गाताना श्वासातून बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त बारीक थेंब बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते तरंगत राहतात. म्हणून बुवांना सांगा, भजन यंदा खळ्यातल्या मांडवात, कडेने ताडपत्री न बांधता. आरतीला आत घरचेच, बाकीच्यांनी ओटीवरून म्हणावी. बाबा, तुमचा आवाज खळ्यापर्यंत पोचतो, मला माहीत आहे. आई म्हणेल, ‘कायेक होवचा नाय.’ आई, मामाच्या वेळीही आपण हेच म्हणालो होतो.

ऑक्सिमीटर डब्यात आहे, दोन बारीक पेन्सिल सेल आत घातलेत, दोन जास्तीचे ठेवलेत. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. हात गार असेल तर चोळून ऊब आणा. गौरीला मेंदी लावलीस तर ते बोट वापरू नकोस, आकडा चुकतो. मधलं बोट घाला आणि आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबा. पहिला दिसलेला आकडा धरायचा नाही. ताप, खोकला किंवा अंगदुखी असेल तर दिवसातून चारदा मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. शिवाय पडवीत सहा मिनिटं चालून पुन्हा मोजा. बसून ९४ च्या खाली, किंवा चालल्यावर तीनपेक्षा जास्त अंकांनी घसरण, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. दम लागत नाही म्हणून बरं आहे असं समजू नका. या आजारात आकडा आधी पडतो, धाप नंतर लागते. आणि शेजारच्या कुणी दिलेली स्टिरॉइडची गोळी घ्यायची नाही. आई, तुझी साखर त्याने एकदम चढते, आणि दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे गेले ते मी वॉर्डात पाहिलंय.

बांगड्यासाठी बंदरावर लिलावाच्या वेळी जाऊ नका बाबा. गणपती गेल्यावर दारावर मासेवाली येतेच, तिच्याकडून खळ्यात घ्या. दोन रुपये जास्त पडतील, ते मी देते.

जहाजावरून इंटरनेट असेल तेव्हा रात्री बोलू. दोन-तीन दिवस फोन आला नाही तर समुद्रात आहे असं समजा आणि दादाला विचारू नका, तोही घाबरतो. आई, पहिला मोदक उकडलास की फोटो काढायला शेजारच्या बाळ्याला सांग. कळी नीट पडली नाही तरी पाठव.

तुमची,
बाय

ता. क. बाबांच्या श्रवणयंत्राचे १३ नंबरचे सेल, नारंगी पट्टीवाले, दोन पाकिटं आहेत. पट्टी काढली की लगेच यंत्रात घालायची नाही, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग सेल जास्त दिवस चालतो. काढलेली पट्टी परत चिकटवून ठेवून काही उपयोग होत नाही, म्हणून लागेल तेव्हा एकच काढा.