लव्हाळ्यासाठी श्वास रोखून धरणाऱ्या आजींना

आजी, परवा थँक्यू म्हणताना घसा दाटला आणि इंग्रजीत धड काही सुचलंच नाही, म्हणून मराठीत लिहितेय. लेक सांगेल तुम्हाला अर्थ.

आमच्या घरामागे रेल्वेलाइनलगतच्या पट्टीतलं ते झुपकेदार रोपटं काय आहे, हे मी दोन उन्हाळे विचारत फिरले. नर्सरीवाल्याने फोटो नीट न बघताच "गवत आहे, कापून टाका" म्हटलं, ॲपने तीन वेळा तीन नावं दिली, आणि एका एक्स्पर्ट साहेबांनी तर एप्रिलमधल्या नुसत्या पानांवरून छातीठोक नाव सांगितलं. केरेक्सच्या, म्हणजे या लव्हाळ्यासारख्या रोपट्यांच्या गटाच्या, जगात दोन हजारांच्या आसपास जाती, पिकलेलं फळ हातात नसताना भलेभले चुकतात, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा त्या साहेबांचा आत्मविश्वास आठवून हसूच आलं. मी आपली एकच गोष्ट सांगत होते, की दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात, आमच्या कांद्याच्या वाफ्यातला लव्हाळा लहानपणी खुरपून खुरपून ती खूण माझ्या बोटांना पाठ आहे. कोणी ऐकलंच नाही. तुम्ही ऐकलंत, आणि म्हणालात, बरोबर, त्याच कुळातलं!

मग गुडघे दुखत असताना खाली बसलात. वारा किती होता त्या दिवशी! बीवरची ती चपटी पिशवी तळहातावर ठेवलीत आणि मी भिंगातून बघेपर्यंत हात हलू नये म्हणून चक्क श्वास रोखून धरलात. कडेचे पंख इतके पातळ की उन्हात आतलं बी सावलीसारखं दिसत होतं. बिकनेल्स सेज, त्या केरेक्समधलीच एक जात. नाव सांगायची घाई नाही केलीत, आधी मला पोटभर बघू दिलंत, माझ्यासाठी तेच सगळ्यात मोठं.

नंतर उत्तर-दक्षिण पानं धरून उभं असलेलं कंपास प्लांट दाखवून म्हणालात, ज्या अर्थी हे इथे आहे त्या अर्थी इथे बहुतेक नांगर फिरलाच नाही. इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणायचं आणि मूळची चांगली प्रेअरी, म्हणजे रानगवताचं माळरान, हजारात एक हिस्सासुद्धा उरली नाही, जी आहे ती अशीच रुळांच्या कडेला नाहीतर जुन्या दफनभूमीत. आणि मी तिथे गवत कापायचं मोअर फिरवणार होते हो!

हुशार माणसं पुष्कळ भेटतात, पण समोरच्या अडाण्याचं आधी ऐकून घेणारी किती?

दिवाळीत घरी या. उटण्यातला नागरमोथा हुंगायला देते, तोही तुमच्या लव्हाळ्याचाच भाऊबंद.