कूसर सर, त्या हवेच्या ओळीसाठी

आदरणीय टेड कूसर सर,

सप्रेम नमस्कार. पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. तरी लिहिते.

मागच्या पावसाळ्यात माझं रेडिएशन संपलं. घरी आले तर पुस्तक हातात धरवेना. भेटायला येणारे ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणत, चहा पिऊन जात. ज्या कविमंडळींत वीस वर्षं उठबस केली, त्यांतले एक म्हणाले, “आता यावर जबरदस्त कविता येईल बघा!” मला तेव्हा पेज गिळताना रडू येत होतं.

मग भाचीनं तुमचं ‘विंटर मॉर्निंग वॉक्स’ हे कवितांचं पुस्तक पाठवलं. 1998 साली तुम्हालाही कर्करोग झाला होता. वर्षभर ऊन टाळायला सांगितलेलं, म्हणून तुम्ही अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, गावाकडच्या रस्त्यांवर उजाडायच्या आत फिरायचात. लिहिणं जवळजवळ सुटलंच होतं. नोव्हेंबरात एकदा फिरून आल्यावर अचानक कविता झाली. मग रोज एक, पोस्टकार्डावर चिकटवून जिम हॅरिसन या कविमित्राला. त्यांतल्या शंभर पुस्तकात आल्या.

खरं सांगू? मला सावरलं ते कवितांनीसुद्धा नाही. प्रत्येकीच्या डोक्यावर तारीख आणि त्या दिवशीची हवा आहे, त्या ओळीनं. थंडी किती, आभाळ कसं, वारा आहे की नाही. रडगाणं नाही, आजाराला हरवल्याचे ढोलताशेही नाहीत. दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या वहीत, गोळ्यांच्या वेळांखाली लिहिलं: ‘पहाटे सव्वापाच. पागोळ्या थांबल्या. दूधवाला भिजलेला.’ सहा महिन्यांतली माझी पहिली ओळ.

पुढे तुमच्याबद्दल शोधशोधून वाचलं. विमा कंपनीतली नोकरी, पहाटे साडेचारला उठून लिहिणं. 2004 ते 2006 अमेरिकेचे ‘पोएट लॉरिएट’, म्हणजे राष्ट्रकवी, 2005 चं कवितेचं पुलित्झर पारितोषिक. ज्या नेब्रास्का विद्यापीठात विद्यार्थी असताना सहायकाची जागा गमावलीत, तिथेच पुढे प्राध्यापक होऊन कविता शिकवलीत. (हे वाचून मी एकटीच हसले.)

पण सगळ्यात आवडलं ते हे, की ऑफिसातल्या सेक्रेटरीबाईंना तुम्ही कविता दाखवायचात आणि त्यांना कळली नाही तर पुन्हा लिहायला बसायचात. आमच्याकडे एका संपादकांनी माझं बाड परत करताना म्हटलं होतं, “फारच कळतं हो तुमचं.”

त्या बाईंनाही माझा नमस्कार सांगा.

आपली,
एक वाचक