प्रभूच्या मेजापासून दूर बसू नकोस

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

रविवारी फोन ठेवल्यापासून तुझे एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. उपासना कशी झाली, असे मी सहज विचारले आणि तू म्हणालास, "चांगली झाली, पण प्रभुभोजनाची भाकर व प्याला घेतला नाही. गेले काही महिने घेतच नाही. आधी स्वतःला नीट तपासतो आहे." आई शेजारीच होती, म्हणून मी पुढे काही विचारले नाही, आणि तूही लगेच दादाच्या कामाची चौकशी करू लागलास. पत्र लिहायला बसताना मी ठरवले होते की त्या गोष्टीवरून तुला उपदेश करायचा नाही. पण दुसरे काही लिहायला घेतले की पेन थांबते, तेव्हा तेच लिहितो.

आधी हे सांगतो की तू रोज रात्री आत्मपरीक्षण करतोस याचा मला अभिमान वाटतो. तुझ्या वयात दिवस संपला की तो तसाच विसरून झोपी जाणे सोपे असते. गेल्या सुट्टीत तू आपण होऊन ती वही माझ्यापुढे ठेवलीस, तेव्हा तुझ्या प्रामाणिकपणाने माझे मन भरून आले होते. डाव्या बाजूला राग, आळस, खोटे बोलणे, वाईट विचार, प्रार्थनेची टाळाटाळ. वर आठवड्याचे सात दिवस. प्रत्येक चौकोनात लाल शाईच्या खुणा आणि खाली त्यांची बेरीज. कित्येक पानांच्या तळाशी तू फक्त "पुन्हा तेच" असे लिहिले होतेस. त्या वेळी मी काही बोललो नाही. पण पाने उलटताना मी एक गोष्ट शोधत होतो आणि ती मला कोठेच सापडली नाही. देवाचे आभार मानलेले एकही वाक्य त्या वहीत नव्हते.

वही ठेवण्यात काही वावगे आहे असे मी म्हणत नाही. येशूसंघाचा संस्थापक असलेल्या लोयोलाच्या इग्नेशियसने सोळाव्या शतकात आपल्या अनुयायांना असाच उपाय सांगितला होता : एक दोष निवडावा, आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघा आखाव्यात, जितक्या वेळा चूक होईल तितके ठिपके द्यावेत आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहावी. मात्र रात्रीच्या परीक्षणाचा जो क्रम त्यानेच घालून दिला, त्यात पहिली पायरी मिळालेल्या कृपेबद्दल आभार मानण्याची आहे. दुसरी आपली पापे दिसावीत म्हणून देवाकडे प्रकाश मागण्याची. दिवसाचा हिशेब त्यानंतर येतो, मग क्षमायाचना आणि शेवटी उद्यासाठी देवाच्या साहाय्याने केलेला निश्चय. तू थेट हिशेबापासून सुरुवात करतोस आणि तेथेच थांबतोस, असे मला त्या पानांवरून वाटले. या माणसाने स्वतः काय सोसले होते तेही तुला ठाऊक असावे. १५२२ साली त्याने आपल्या साऱ्या आयुष्याचे पापनिवेदन लिहून काढले आणि ते सांगायला त्याला तीन दिवस लागले. तरीही स्पेनमधील मान्रेसा येथे राहत असताना काहीतरी सांगायचे राहिले आहे या शंकेने त्याला इतके छळले की जीव देण्याचे विचार त्याच्या मनात येऊ लागले. झालेल्या पापांचे निवेदन पुन्हा करायचे नाही, असे ठरवल्यावर त्याची त्यातून सुटका झाली.

हे वाचून तू म्हणशील की पप्पा उगीच घाबरतात. होय, मी घाबरतो. काकाच्या बाबतीत काय झाले ते तुला ठाऊक आहे. त्याच्याविषयी मी येथे काही लिहिणार नाही.

प्रभुभोजनाविषयी प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला जे लिहिले, ते पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पुन्हा एकदा सावकाश वाच. माणसाने आत्मपरीक्षण करावे असे तो सांगतो आणि त्याच वाक्यात पुढे सांगतो की मग त्याने ती भाकर खावी व त्या प्याल्यातून प्यावे. तपासावे आणि दूर राहावे असे तो कोठेच म्हणत नाही. शिवाय तेथे काय बिघडले होते ते पाहा. मंडळी एकत्र जमत असे, तेव्हा ज्यांच्याकडे भरपूर होते ते दुसऱ्यांची वाट न पाहता आपले जेवून घेत. कोणी भुकेला राहत असे, तर कोणी पिऊन मस्त होत असे. म्हणून त्या अध्यायाच्या शेवटी पौल त्यांना एकमेकांची वाट पाहण्यास सांगतो. तुझ्या वहीतले बहुतेक रकाने तुझ्या स्वतःच्या मनाविषयी आहेत. ज्याच्यावर तू रागावलास त्याचे त्या दिवशी काय झाले, त्याच्याकडे तू परत गेलास का, याला तेथे जागाच नाही. परीक्षण करायचेच, तर हा प्रश्न आधी विचार.

आता मी उपदेशच करू लागलो आहे, हे मला कळते. राग मानू नकोस. समोरासमोर असतो, तर इतके लांबण लावले नसते.

आज दिवसभर मला आजोबांचा तो चष्मा आठवत होता. तू शाळेत जायला नुकतीच सुरुवात केली होतीस. खेळता खेळता तुझ्या हातून काच फुटली आणि तू पलंगाखाली जाऊन बसलास. आई हाका मारून दमली, तुझ्या आवडीच्या वस्तूंची लालूच दाखवूनही तू बाहेर येईनास. आजोबांना सगळे कळले होते. ते रागावले नाहीत आणि तुला ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. ते पलंगाशेजारी जमिनीवर बसून राहिले आणि थोड्या थोड्या वेळाने फक्त "कोठे आहेस रे?" असे विचारत राहिले. तू कोठे आहेस ते त्यांना दिसत होते. तुझे एक पाऊल पलंगाबाहेर आले होते. अखेर तू बाहेर आलास तो थेट त्यांच्या मांडीवर, आणि चष्म्याची हकिकत तू त्यांना तेथे बसून सांगितलीस. एदेन बागेत लपलेल्या आदामाला देवाने विचारलेला "तू कोठे आहेस?" हा पहिला प्रश्न मी उपदेशांत कितीतरी वेळा ऐकला आहे, पण तो कोणत्या स्वरात विचारला गेला असेल याची कल्पना मला त्या संध्याकाळी आली.

तू ज्या स्तोत्राचा आधार घेतोस, त्या एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रातही असेच आहे. "माझी झडती घेऊन माझे हृदय जाण" ही विनंती त्यात अगदी शेवटी येते. त्याआधी देव आपले बसणे-उठणे जाणतो, अंधारही त्याच्यापुढे अंधार राहत नाही, त्यानेच आपल्याला आईच्या उदरात घडवले, हे सारे म्हणून झालेले असते. आणि झडतीच्या अगदी आधी तर स्तोत्रकर्ता आपल्या वैऱ्यांविषयी संतापाने बोललेला असतो. असा संतापलेला असतानाच तो देवाला आत बोलावतो. शांत आणि शुद्ध होईपर्यंत तो थांबत नाही. तू मात्र आधी सारे स्वच्छ करून मग देवाला आत घेणार आहेस, अशी मला भीती वाटते. बाळा, ते कोणाच्याही हातून झालेले नाही.

म्हणून, ऐकणार असशील तर, थोडासा बदल करून पाहा. वही उघडण्यापूर्वी दिवसातल्या अशा दोन-तीन गोष्टी आठव, ज्या तुझ्या कर्तबगारीने मिळालेल्या नाहीत, आणि त्यांच्यासाठी मोठ्याने आभार मान. मग सकाळपासूनचा दिवस प्रभूबरोबर चालत गेल्यासारखा पाहा. सगळे खणून काढू नकोस. जे तो दाखवील तेवढेच घे, बहुधा ते एकच असते. त्या चुकीचे नाव घेऊन क्षमा माग, आणि क्षमा मागितल्यावर त्याची बेरीज करू नकोस. आपण आपली पापे पदरी घेतली तर तो क्षमा करण्यास विश्वासू व न्यायी आहे, असे प्रेषित योहानाने लिहिले आहे. आणि आपले मन आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, हेही त्यानेच लिहिले आहे. हे दुसरे वाक्य काकाच्या पवित्र शास्त्रात पेन्सिलीने अधोरेखित केलेले आहे. त्याने ते वाचले होते, आणि तरी तो शेवटच्या बाकावरून उठून प्रभूच्या मेजापाशी आला नाही. लिहायचे नाही म्हटले होते, तरी लिहिले गेले.

प्रभूचा शिष्य पेत्र याने आपण त्याला ओळखत नाही असे तीनदा सांगितले, आणि प्रभूने वळून पाहिल्यावर तो बाहेर जाऊन मनस्वी रडला. त्यानंतर समुद्रकाठी प्रभूने त्याला "माझ्यावर प्रीती करतोस काय?" असे तीनदा विचारले, हे तुला पाठ आहे. मात्र तो प्रश्न केव्हा विचारला तेही लक्षात घे. विस्तवावर मासळी व भाकर ठेवून प्रभूने शिष्यांना आधी जेवायला बोलावले, आणि त्यांची न्याहारी झाल्यावर मग विचारले. पेत्राला आधी उत्तर द्यावे लागले असते, तर तो त्या दिवशी उपाशीच राहिला असता, असे मला वाटते.

तू वाईट मुलगा आहेस म्हणून मी हे लिहीत नाही. तू नको इतका प्रामाणिक आहेस आणि तेथे एकटा आहेस, म्हणून लिहितो. एकट्याने केलेल्या परीक्षणात तपासणारे आणि दोषी ठरवणारे मन एकच असते, तेव्हा तुमच्या पाळकसाहेबांना भेट आणि ती वही त्यांनाही दाखव. जे तुला माझ्याजवळ बोलता येत नाही ते त्यांना सांग. मला कळलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. पुढच्या प्रभुभोजनापूर्वी ही भेट व्हावी, एवढी माझी इच्छा आहे. आईला मी अजून काही सांगितलेले नाही आणि तू सांगेपर्यंत सांगणार नाही. पाळकसाहेबांकडे कोणत्या दिवशी जाणार आहेस, तेवढे मला कळव.

तुझे,
पप्पा