मृत्युपत्रातील एक वाक्य आणि तीन देशांतील मिळकत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे वडील दोन वर्षांपूर्वी पुण्यात वारले. नोकरीची बावीस वर्षे इंग्लंडमध्ये काढून ते परतले होते, त्यामुळे कोथरूडचा फ्लॅट, सातारा जिल्ह्यातील जमिनीतला हिस्सा, इंग्लंडच्या बँकेतील ठेव आणि एका अमेरिकी कंपनीचे शेअर अशी त्यांची मिळकत तीन देशांत राहिली. ती वारसांच्या नावावर करण्याचे काम अजून संपलेले नाही. या काळात आम्हाला उशिरा कळलेल्या गोष्टी इतरांना वेळेत कळाव्यात, म्हणून हे पत्र.

आमचा सर्वांत मोठा खोळंबा एका वाक्याने केला. इंग्लंडमधल्या ठेवीसाठी वडिलांनी तिथल्या सोलिसिटरकडून, म्हणजे वकिलाकडून, मृत्युपत्र करून घेतले होते. परत आल्यावर इथल्या वकिलांनी फ्लॅट आणि जमिनीसाठी दुसरे मृत्युपत्र तयार केले आणि त्यात, आपल्याकडे बहुतेक मृत्युपत्रांत असते तसे, ‘यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे’ हे वाक्य घातले. त्या पानावर वडिलांची थरथरती सही आहे. मुलांसाठी सगळे नीट लावून ठेवले, या भरवशावर केलेली. या वाक्याने इंग्लंडचे मृत्युपत्रही रद्द झाले की काय, असा प्रश्न तिथल्या सोलिसिटरांनी काढला आणि प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता मिळवण्याचा, अर्ज सात महिने अडून राहिला. ‘फक्त भारतातील मिळकतीसंबंधीची’ हे तीन शब्द त्या वाक्यात असते, तर हे टळले असते.

नावाचा घोळ वेगळाच. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव आजोबांच्या नावासह पूर्ण, इंग्लंडच्या खात्यावर आडनावाआधी नुसती आद्याक्षरे आणि शेअरच्या कागदांवर मधले नावच नाही. ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र, मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचे प्रमाणपत्र), यांसाठी किती खेटे घातले याची मोजदाद नाही.

अमेरिकेचा नियम तर फार थोड्यांना ठाऊक असतो. भारतातील इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये रद्द झाली, त्यामुळे मृताच्या मालमत्तेवर कर लागू शकतो हे आपल्या ध्यानीमनी नसते. अमेरिकेचा नागरिक किंवा तिथला रहिवासी नसलेल्या व्यक्तीच्या तिथल्या मालमत्तेला मात्र केवळ ६० हजार डॉलरपर्यंत सूट मिळते. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत कर आहे आणि विवरणपत्र मृत्यूनंतर नऊ महिन्यांत भरावे लागते. अमेरिकी कंपन्यांचे शेअर पगाराचा भाग म्हणून मिळालेल्या, पण त्या देशात कधी पाऊलही न ठेवलेल्या आपल्या आयटीतील मुलामुलींनाही हा नियम लागू आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांनी मृत्युपत्राचा विचारही केलेला नसतो. ‘नॉमिनी लावला आहे’ एवढ्यावर त्यांनी विसंबू नये; नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

परदेशी न्यायालयाचे प्रोबेट हाती आले म्हणजे इथला फ्लॅट आपोआप नावावर होतो, हाही गैरसमज आहे. स्थावर मिळकतीला ती जिथे आहे तिथलाच कायदा लागतो, म्हणून प्रत्येक देशासाठी वेगळे, पण एकमेकांना न छेदणारे मृत्युपत्र करणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

मृत्युपत्राची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, तरीही अनेक ज्येष्ठ नागरिक त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात येतात. नोंदणी विभागाने तिथे मराठीत एक ठळक फलक लावावा आणि ‘आपली परदेशात काही मिळकत किंवा आधीचे मृत्युपत्र आहे का?’ एवढा प्रश्न सही होण्यापूर्वी प्रत्येकाला विचारण्याची सूचना कर्मचाऱ्यांना द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, पुणे