कॉफीच्या कापडी गाळणीलाही जागा द्यावी

मा. संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरी कॉफी करण्याच्या पद्धतींवर आलेला लेख वाचला. यंत्रे, कागदी गाळण्या आणि स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर यांची त्यात सविस्तर माहिती होती. मात्र कर्नाटकातील कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या ज्यातून कॉफी गाळली गेली, त्या सुती फडक्याचा उल्लेखही नव्हता, याचे वाईट वाटले.

स्टीलच्या चाळणीतून बारीक साका उतरून कपाच्या तळाशी बसतो, तर कागद साक्याबरोबर बरेचसे तेलही अडवतो आणि कॉफी स्वच्छ पण काहीशी पातळ लागते. सुती कापड साका अडवूनही चवीचा भरीवपणा राखते. उकळून नीट न गाळलेल्या कॉफीत राहणारा कॅफेस्टॉल हा तेलकट घटक रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतो, हे संशोधनातून दिसून आले आहे. दाट विणीचे कापड तो बऱ्याच अंशी रोखते, म्हणून दुधात पूड उकळून ती चहाच्या गाळणीने गाळणाऱ्या आपल्याकडच्या घरांनी तरी या फडक्याचा विचार करावा.

कृती अवघड नाही. साधारण १५ ग्रॅम जाडसर पुडीला २५० मिलिलिटर पाणी पुरते. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून थोडे थांबावे आणि आधी फडक्यातली पूड भिजेल इतकेच पाणी ओतावे. पूड ताजी असेल तर ती फसफसून वर फुगते. ती खाली बसू लागली की उरलेले पाणी बारीक धारेने सोडावे. फडके पिळू मात्र नये, कारण पिळल्याने साका आणि कडवटपणा दोन्ही कपात उतरतात.

ही पद्धत मागे पडली याला, माझ्या मते, फडक्याची हेळसांड बरीचशी कारणीभूत आहे. नव्या कापडातली खळ जाईपर्यंत ते साध्या पाण्यात उकळावे लागते. साबण कधीच लावू नये, त्याचा वास धाग्यात राहतो. कॉफी झाल्यावर चोथा कुंडीत टाकून फडके स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावे. ते पाणी रोज बदलावे. दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यातले कॉफीचे तेल खवट होते, आणि पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या मे महिन्यात त्याला वेळ लागत नाही. अशा फडक्यातून चिकमगळूरची उत्तमातली उत्तम पूड गाळली तरी पहिलाच घोट खवट लागतो आणि दोष मात्र पद्धतीच्या माथी येतो.

यासाठी लागणारे मांजरपाट, म्हणजे जाडेभरडे सुती कापड, आपल्या नागपुरात गांधीबागेच्या कापड बाजारात सहज मिळते. ज्या शहरात १८७७ साली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली, तिथल्या घरांनी गाळणीसाठी एकदाच वापरून फेकायचे कागद विकत घ्यावेत, हे मला खटकते.

पुडीबद्दलही लिहिणे भाग आहे. तिच्यात अनेकदा चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, मिसळलेली असते. कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापावे, असा नियम आहे. सुट्या पुडीवर मात्र असे काही लिहिलेले माझ्या पाहण्यात क्वचितच येते. चिकोरी भिजल्यावर मऊ पडते आणि कापडातून पाणी उतरेनासे होते. ग्लासभर थंड पाण्यावर चिमूटभर पूड टाकून पाहावी: कॉफी बराच वेळ तरंगते, चिकोरी तपकिरी रेघा सोडत लगेच बुडते. सुटी पूड विकणाऱ्यांनी चिकोरीचे प्रमाण आणि दळल्याची तारीख पुडक्यावर लिहून द्यावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

महाराष्ट्रात कॉफीच्या बागांसाठी ओळखला जाणारा चिखलदरा आपल्या विदर्भातच आहे. तिथली कॉफी आणि हे सुती फडके यांवर आपण पुरवणीत छायाचित्रांसह एक लेख द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, धरमपेठ, नागपूर