कॅम्परने लडाखला जाताना श्रीनगरचा रस्ता धरा

संपादक महोदय,

एप्रिल-मेच्या सुटीत महाराष्ट्रातून कॅम्पर (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन लडाखला निघणारी कुटुंबे तयारी करतात ती उन्हाळ्याची. राजस्थान ओलांडेपर्यंत ती पुरते. पुढे आठवड्याभरातच रात्रीचा पारा शून्याखाली जातो.

पहिला प्रश्न रस्त्याचा. जाताना मनालीपेक्षा श्रीनगरमार्गे जावे. त्या रस्त्यावरची झोजिला खिंड (3,528 मीटर) बहुधा मनाली रस्त्यावरच्या बारालाचा खिंडीच्या (सुमारे 4,890 मीटर) आधी खुली होते, पण खरे कारण मुक्कामांचे आहे. सोनमर्ग आणि कारगिल दोन्ही साधारण 2,700 मीटरवर, मग लेह 3,500. शरीराला सवय होत जाते. मनालीहून निघालेली जड गाडी रेंगाळते, अंधार सरचूला गाठतो आणि ‘झोपायचे गाडीतच, मग इथेच थांबू’ असे ठरते. सरचू सुमारे 4,290 मीटरवर आहे. पहिलीच रात्र तिथे काढणे म्हणजे डोकेदुखी, उलट्या आणि कधी कधी जिवावरचे दुखणे. मनालीचा रस्ता खुला असेल तर तो परतीला ठेवावा.

झोजिलावर दिवसा वितळलेले बर्फ रात्री गोठते, म्हणून पहाटेचा रस्ता सर्वांत निसरडा. बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरला बांधायची चेन इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांनाच लावायची. ती बसवण्याचा सराव घरीच करावा. वाहतूक बऱ्याचदा एका वेळी एकाच दिशेने सोडतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी सोनमर्गला पोलिसांकडे वेळ विचारून घ्यावी.

डिझेलची टाकी श्रीनगरला पोहोचताना जवळजवळ रिकामी असू द्यावी आणि तिथेच भरावी. सपाटीवरच्या उन्हाळी डिझेलमधले मेण थंडीत गोठून फिल्टर तुंबवते. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये. ती बाहेरच्या कप्प्यात नव्हे, आत पलंगाखाली हवी. पाण्याचा पंप आणि नळ्या रोज रात्री रिकाम्या कराव्यात, नाहीतर पंप फुटतो. पिण्याचे पाणी कॅनमध्ये, आत ठेवावे.

गॅसने सर्वाधिक गोंधळ होतो. आपल्या एलपीजीत ब्युटेन बरेच असते आणि शून्याच्या आसपास त्याची वाफ होणेच थांबते. अर्धा वापरलेला सिलिंडर अधिक सतावतो, कारण त्यातले प्रोपेन आधी संपलेले असते. वर जाताना भरलेला सिलिंडर न्यावा. ज्योत मंदावली म्हणून त्याला आच देऊ नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारे भोक हवेच. आणि ऊब मिळावी म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा सिगडी पेटवून झोपणे तर कदापि नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही. त्याची सूचना देणारे यंत्र बिछान्याजवळ लावावे.

आपल्या पर्यटन पुरवणीत असे मार्ग छापताना अंतराशेजारी प्रत्येक मुक्कामाची उंचीही मीटरमध्ये द्यावी, ही विनंती.

— एक कॅम्परधारक वाचक, पुणे